करप्याच्या आधी पोचलेले जिवाणू

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. कालव्याचं पाणी आमच्या बांधीत येईपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. पाणी आलं तसा युरियाचा हात सैल झाला आणि धानावर करपा हा बुरशीचा रोगही वाढला. पानावर दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. निसवल्यानंतर हीच बुरशी लोंबीच्या मानेशी बसली की मानमोडी होते आणि दाणा पोचट राहतो.

फवारणी आम्ही करतच होतो. पण साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात स्युडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूबद्दल ऐकलं, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, रोग पानावर आणि जिवाणू मुळाशी, मग उपयोग काय? उत्तर ऐकून मी थक्क झालो. हा जिवाणू मुळाशी वसला की रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते, थेट पानापर्यंत. शिवाय तो मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो, बुरशीला उपाशी ठेवतो आणि तिला मारणारी द्रव्यंही सोडतो. त्याला हवा लागते, मग पाणी साचलेल्या बांधीत तो जगतो कसा? धानाची मुळं आपल्याभोवती थोडा प्राणवायू सोडतात, त्या आधारावर. इतकी वर्षं धान पिकवून मला हे ठाऊक नव्हतं.

बियाणं आधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकलं, तरंगलेलं पोचट काढलं, उरलेलं धुऊन सावलीत सुकवलं. मग किलोला दहा ग्रॅम या जिवाणूची भुकटी चोळली. रोवणीच्या दिवशी पऱ्ह्यांच्या पेंढ्यांची मुळं त्याच भुकटीच्या द्रावणात अर्धा तास बुडवली. रोवणीच्या बाया विचारत होत्या, “भाऊ, पान्यात का टाकलं?” शेजारची बांधी मुद्दाम नेहमीसारखीच ठेवली.

त्या बांधीत बुरशीनाशक मारावं लागलं. जिवाणूंच्या बांधीत ठिपके आले, पण फारसे पसरले नाहीत. कडुलिंबाच्या सावलीत मात्र दव उशिरा सुकतं, तिथं करपा आलाच आणि तेवढ्या कोपऱ्यात फवारणी केली. म्हणून मी याला चमत्कार म्हणणार नाही. ढगाळ हवा, भुरभुर पाऊस आणि युरियाचा मारा असेल तर एकटा जिवाणू पुरा पडत नाही. पण पहिलं पाऊल तोच असावा, असं माझं ठाम मत आहे.

धान उत्पादक बंधू-भगिनींनो, जिवाणूंचं पाकीट घेताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. उन्हात तापलेलं पाकीट घेऊ नका, त्यातले जिवाणू मेलेले असू शकतात. कडाकरप्यासाठीचं स्ट्रेप्टोसायक्लिन या भुकटीत मिसळू नका, ते जिवाणूंनाच मारतं. आणि करपा दिसण्याची वाट पाहू नका. हे काम बियाण्यापासूनच सुरू करा.