नीलूचं पथ्य



परवा रात्री अडीचला लाईट गेली ती सकाळी साडेसहा झाले तरी आलेली नव्हती. इन्व्हर्टर पहाटेच दमला होता. सामायिकाला बसण्याआधी मी गळलेलं पाणी गॅसवर ठेवलं, कोमट होऊन थोडं पुढे गेल्यावर रबरी पिशवीत भरलं, पिशवी जुन्या पंचात गुंडाळली आणि काचेच्या पेटीत सारली. नीलू पोट घासत घासत आला, तिच्यावर पसरला आणि डोळे मिटून घेतले. मग मी कटासणं घातलं. सामायिक ४८ मिनिटांचं आणि पिशवीची ऊब साधारण तेवढीच टिकते, त्यामुळे हल्ली मला घड्याळाची गरज पडत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नीलू म्हणजे निळ्या जिभेची सापसुरळी. आपल्या अंगणात दगडाखाली सळसळते तीच जात, पण हा परदेशी, इंडोनेशियाकडचा. हातभर लांब, जाड, आखूड पायांचा, आणि घाबरला की जांभळट निळी जीभ बाहेर काढून फूत्कार टाकणारा. विष नाही, काही नाही. नर की मादी हे डॉक्टरांनाही नुसतं बघून सांगता येईना, म्हणून आम्ही आपला 'तो' म्हणतो. नीलू नाव सासूबाईंनी ठेवलं.

तो माझ्या भाच्याचा. पुण्यात नोकरीला असताना त्याने पिल्लू घेतलं, परदेशी जातीचा प्राणी म्हणून परिवेश पोर्टलवर नोंदही केली. गेल्या वर्षी मे महिन्यात तो जर्मनीला गेला. जाण्याआधी पेटी गाडीत घालून थेट इथे पवनानगरला आला. "मावशी, दुसऱ्या कुणाकडे ठेवला तर मरेल गं. तू जीव लावशील." अशा बोलण्याला नाही कसं म्हणणार? ह्यांनी दुकानातून फोनवर विचारलं, "चावतो का?" मी नाही म्हटलं. "मग ठेव," म्हणाले. एवढीच आमची चर्चा.

भाच्याने सांगितलं होतं की हा भाज्या, फळं सगळं खातो. मला हायसं वाटलं. आमच्या दारात शेवगा आहे, भोपळ्याचा वेल आहे. पपई बारीक चिरून दिली की तो चमच्यावरून घ्यायचा. मंडळातल्या बायका बघायला आल्या तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "बघा, आमचा नीलू शाकाहारी. आणि दिवा गेला की पाण्यालाही तोंड लावत नाही, पक्का चौविहार." सगळ्या हसल्या.

जूनमध्ये पाऊस लागला. इकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसं सांगू? धरणावरून धुकं उठतं ते खिडकीत येऊन बसतं. तुंग आणि तिकोना किल्ले आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत. पापड सोडा, धुतलेले रुमालसुद्धा वाळत नाहीत. मी पेटी खिडकीपाशी सरकवली, जो काही उजेड असेल तो मिळू दे म्हणून. जुलैच्या मध्यावर नीलूचा मागचा डावा पाय ओढल्यासारखा वाटू लागला. मग एकदा चमच्यावरून भोपळा घेताना त्याचा खालचा जबडा वाकला. रबरासारखा वाकला, मैत्रिणींनो. माझ्या हातातला चमचा पडला.

कामशेत, तिथून पुणे. सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टर मॅडम मिळायला तीन फोन करावे लागले. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. हाडं दिसायला हवीत तिथे धूसर सावल्या. म्हणाल्या, "हे दोन महिन्यांचं नाही, दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे." विकणाऱ्याने भाच्याला साधा बल्ब पुरतो असं सांगितलं होतं. ऊब मिळत होती, पण उन्हातले जे अतिनील किरण कातडीवर पडून ड जीवनसत्त्व तयार होतं, ते नव्हते. ते नाही तर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर मग हाडांतूनच तो काढून घेतं. खिडकीचाही उपयोग नव्हता, कारण काच ते किरण अडवते. मी ज्याला ऊन समजत होते तो नुसता उजेड होता.

वाकलेलं हाड आता सरळ होणार नाही, एवढंच की पुढचं वाकणं थांबवता येईल. वेगळी ट्यूब आणायची, आणि ती पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड राहतो पण किरण विझतात. दिव्याखालची जागा ३५ अंशांच्या वर, दुसरं टोक गार. कॅल्शियमची पूड. पालक बंद, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला चालेल. मी सगळं वहीत उतरवून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "प्रोटीन काय देता?"

मी म्हटलं, "पनीर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दूध त्याला पचत नाही, म्हणाल्या. हा प्राणी मिश्र आहाराचा, जवळजवळ अर्धं खाणं जनावरांचं हवं. किडे, गोगलगाय, अंडं, नाहीतर कुत्र्यांना देतात ते डब्यातलं खाणं. त्यांनी वजन केलं तर ३४० ग्रॅम भरलं. भाच्याच्या कागदावर ३९० होतं. पन्नास ग्रॅम माझ्या कौतुकापायी गेले होते.

घरी येताना मी गप्प होते. लहानपणी आजी गहू निवडायची तेव्हा त्यातले सोंडे वेगळ्या डबीत काढायची, त्यांच्याबरोबर मूठभर गहूही घालायची, आणि डबी झाडाखाली सावलीत ठेवायची. गुजरातेतल्या काही पांजरपोळांत तर अशा किड्यांसाठी जीवातखाना म्हणून स्वतंत्र खोली असे. अशा घरातली मी. चातुर्मासात आम्ही स्वतःसाठी पालेभाजी आणत नाही, पानावर जीव असतात म्हणून. नीलूसाठी मात्र शेवगा तोडावा लागत होता, आणि मी एकेक पान उजेडात धरून बघायची. सापडलेली अळी अलगद उचलून कुंपणापलीकडे ठेवताना नीलू काचेतून तिच्याकडे जसा बघायचा ते बघून मला कधी हसू यायचं, कधी नाही.

मी एक पळवाट काढली. शेजारचा मुलगा बारावीत आहे, त्यांच्याकडे सगळं खातात. त्याला म्हटलं, दर तिसऱ्या दिवशी येऊन याला काय द्यायचं ते दे. तो उकडलेलं अंडं आणायचा, घरूनच. मी आत जाऊन दार लावून घ्यायची. "झालं काकू," अशी हाक आली की बाहेर येऊन वीस रुपये द्यायची. तीन आठवडे असं चाललं. नीलूला तरतरी आली, हे खरं. एक दिवस पेटी साफ करताना कागदाखाली मला एक पाय मिळाला. हिरवा, करवतीसारखे दात असलेला. नाकतोड्याचा. पोराने बांधावरून पकडून जिवंत सोडले होते, त्याला वाटलं आपण जास्तच चांगलं काम करतोय. त्याला मी काही बोलले नाही. काय बोलणार?

त्याच आठवड्यात श्रावणातली चौदस आली. पाक्षिक प्रतिक्रमण आम्ही दोघी सासू-सुना घरीच करतो. पहिलं अणुव्रत आपण सगळ्याच म्हणतो, निरपराध त्रस जीवाला जाणूनबुजून मारणार नाही, मारवणार नाही. त्यातलं 'मारवणार नाही' तोंडातून निघताना माझी जीभ अडखळली. आणि त्याच व्रताचे अतिचार वाचताना पुढे येतं ते बंध, म्हणजे जीवाला बांधून ठेवणं, आणि शेवटी भातपाण्याचा विच्छेद, आपल्यावर अवलंबून असलेल्या जनावराचं खाणंपिणं तोडणं. वर्षानुवर्षं म्हणत आले. बैल आणि गाडीवाल्यांसाठीचं आहे, असंच मनात धरलं होतं. मे ते जुलै मी नीलूचं काय केलं होतं? आणि ऑगस्टमध्ये काय करत होते?

कटासणं घडी करताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या पोराला वीस रुपये देतेस ते कशाचे?"

मला उत्तर सुचलं नाही.

"तुला पटत असेल तर तू दे. पटत नसेल तर देऊ नकोस. पण त्याच्या हाताने करवून घेऊन तुझा हात कोरडा राहत नाही. उलट त्याचाही ओला होतो."

सासूबाई शिकल्या सातवीपर्यंत, बारा व्रतं घेतलेली. जेवायला बसल्या की कण टाकत नाहीत. मला वाटलं होतं त्या म्हणतील, सोडून दे त्याला. पण सोडायचं कुठे? परक्या मुलखातलं, हाडं मऊ झालेलं जनावर पवनेच्या रानात सोडणं म्हणजे मारणंच, आणि जगलंच तर इथल्या जीवांना त्रास. परत भाच्याकडे जाणार नाही. बांधून ठेवण्याचा दोष आमच्या नावावर लागलेलाच आहे आणि तो असाच राहणार.

मग राहिला प्रश्न काय द्यायचं. इथे मी खूप अडकले. पाठशाळेतल्या हिशेबाने नाकतोडा चार इंद्रियांचा, शंख-गोगलगाय दोन इंद्रियांची, आणि डब्यातली कोंबडी पंचेंद्रिय. इंद्रियं मोजली तर डबा सगळ्यात वाईट. पण डबा उघडला तर माझ्यासमोर कुणी तडफडत नाही, म्हणून मन तिकडेच ओढतं. ही मनाची लबाडी आहे हे कळत होतं. दुसरीकडे, जिवंत नाकतोडा पेटीत सोडणं हे माझ्या हातून होणार नाही, झालं तर दुसऱ्या दिवशी नीलूकडेच बघवणार नाही. शेवटी डबाच घेतला. बरोबर म्हणून नव्हे, जेवढं झेपेल तेवढं म्हणून. कामशेतला चातुर्मासाला असलेल्या साध्वीजींना मी सगळं सांगितलं. त्या हो म्हणूच शकत नाहीत, हे माहीत होतं. नाहीही म्हणाल्या नाहीत. आलोयणा मागितली, तेव्हा दर चौदशीला आयंबिल दिलं. ते चालू आहे.

आता मागच्या पडवीत एक वेगळा चमचा, वेगळी वाटी, वेगळी पुसणी. आठवड्यातून दोनदा छोटं पाकीट फोडायचं, दोन चमचे नीलूला कॅल्शियम लावून, आणि उरलेलं एसटी स्टँडवरच्या कुत्र्यांना, कारण ते आमच्या फ्रिजमध्ये जाणार नाही. पहिल्या दिवशी वासाने मला उमळून आलं. दार उघडं ठेवूनच दिलं. पर्युषणाचे आठ दिवस डॉक्टरांना विचारून फक्त भाजी दिली. मोठ्या जनावराला तेवढं चालतं म्हणाल्या.

मंडळात कुजबुज झाली. एक मैत्रीण अजून आमच्याकडे पाणी पीत नाही. तिचा राग नाही, तिच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण एकीने विचारलं, "एवढं करून तो सरपटणारा जीव, त्याला काय कळतं?" त्यावर मात्र बोलले. जीवविचारात सापाला उरपरिसर्प म्हटलंय, छातीवर चालणारा, आणि पाल-मुंगसाला भुजपरिसर्प, हातांवर चालणारा. दोन्ही पंचेंद्रिय. नीलू तर दुखऱ्या पायामुळे अर्धा हा, अर्धा तो. त्याला माझी पावलं ओळखू येतात, ह्यांची नाही. कळणं म्हणजे आणखी काय असतं?

जाता जाता आपल्या अंगणातल्या सापसुरळीबद्दल. तिला विष नसतं. दिसली की झाडू घेऊन धावू नका. आणि नीलूचं वाचून तिला पेटीतही घालू नका. ती रानातली, तिथेच बरी.

या वर्षी एक नवीन दुखणं आहे. कात टाकताना बोटांवरची कातडी निघत नाही, कडी होऊन राहते आणि आत रक्त थांबतं. फेब्रुवारीत एक बोट असंच काळं पडून गेलं, माझ्या लक्षात यायच्या आत. तेव्हापासून कात येऊ लागली की रोज दुपारी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं, मग ओल्या कापसाने एकेक बोट. अठरा बोटं होती त्याची धडकी, आता सतरा. भाचा व्हिडिओ कॉलवर बघतो आणि "सॉरी मावशी" म्हणतो. मी म्हणते, कुणाला म्हणतोयस, त्याला म्हण. तो खरंच म्हणतो.

परवा लाईट सव्वाआठला आली. ट्यूब फडफडून लागली, पण नीलू पिशवीवरून हलला नाही, ती केव्हाच गार झाली होती तरी. रविवारी वजन केलं, ४१० ग्रॅम. जबडा आता दाबला तर वाकत नाही, डावीकडे थोडा तिरका राहिलाय, त्यामुळे भोपळ्याचे तुकडे बारीक करावे लागतात. ट्यूब ऑगस्टमध्ये बदलायची आहे. नवी मी पुण्याहून आणून ठेवली आहे, देवघराच्या वरच्या फळीवर, कारण घरात तेवढीच एक जागा कोरडी आहे.