तोरणं

आमच्या भिवंडीत काय साठवत नाहीत? टायर, औषधं, फ्रिज, चपला, वह्या, बाळांची दुपटी. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, जिकडे बघाल तिकडे पत्र्याची छपरं. माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायचा, लागेल तसा आत न्यायचा आणि तेवढ्याचीच जकात भरायची, या हिशेबावर ही गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. यातल्याच एका गोदामात माझी नोकरी झाली. तिथल्या आवक-जावकच्या वहीत मी नाना वस्तूंची नावं लिहिली, पण तोरणं कधी लिहिली नाहीत.

तोरण म्हणजे बोराच्या जातीचं रानटी झुडूप. शेजारच्या झाडाचा आधार मिळाला तर त्याच्या अंगावर चढतं. पानं मोठी, खालून लवदार. काटे वाकडे, सदरा धरला की सोडत नाहीत. फांदीच्या टोकाला झुपक्याने फळं लागतात. आधी हिरवी, पिकली की पांढरीशुभ्र. पुण्याकडच्या तोरणा किल्ल्याचं नावही या झुडपावरूनच पडलं असं सांगतात. चवीचं म्हणाल तर, खरं सांगतो, फार काही नाही. पिठूळ गर, बेताची गोडी आणि आत बी. करवंदासारखा आंबटगोड झटका नाही, जांभळासारखी जीभ रंगत नाही. तरीही चैत्र लागला की मला तोरणंच हवी असतात.

वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता, म्हणजे हिशेब ठेवणारे कारकून, होते. शुक्रवारी माग बंद, त्यामुळे बाजारहाट त्याच दिवशी. उन्हाळ्यात बाजाराच्या कडेला कातकरणी पाट्या घेऊन बसायच्या. एका पाटीत करवंदं, दुसरीत तोरणं. पळसाच्या पानात वाटा बांधून द्यायच्या. वडील आठवडाभर तागे मोजणारे, आकड्याला पक्के. पण तोरणांचा वाटा कधी मोजून घेतला नाही. “घे दादा, पोराला अजून दोन,” म्हणत ती बाई मूठभर वर टाकायची. घरी पोचेपर्यंत पान रिकामं आणि रस्ताभर बिया.

चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि नवस फेडायला देऊळ बांधलं, ही कथा आजी दरवर्षी एसटीत नव्याने सांगायची. माझं लक्ष खिडकीबाहेर. अंबाडी सोडली की रस्त्याच्या कडेला पाट्या दिसू लागायच्या. यात्रा आणि तोरणांचा बहर एकाच सुमाराला येतो, ही देवीचीच योजना असणार असं मला तेव्हा वाटे.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी तोरणाची फुलोऱ्याची फांदी टेबलावर ठेवली. बारीक फुलं आणि त्यांना पाकळ्याच नाहीत. गुलाबाचं कूळ वेगळं, बोराचं वेगळं, पण दोन्ही एकाच गणातली, असं ते म्हणाले. म्हणजे गुलाब, सफरचंद, रासबेरी ही आमच्या तोरणाची लांबची भावकी. श्रीमंत भावकी! परवा मुलीने प्लॅस्टिकच्या डबीतून रासबेरी आणली. छान होती. थंड पेटीतून प्रवास करून आली होती, डबीवर तारीख होती. तोरणांना हे जमत नाही. फ्रिजमध्ये ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी साल काळवंडली, गर मऊ पडला. तोडली त्या दिवशी, तोडली त्या गावाजवळच खायची. त्यामुळे त्यांना ना दलाल मिळाला ना गोदाम. जिने काटे सोसून तोडली तीच विकते आणि पैसे तिच्याच हातात पडतात. आमच्या तालुक्यात असा धंदा दुसरा मला तरी माहीत नाही.

आता पाट्या कमी दिसतात. गोदामांच्या भरावासाठी मुरूम लागतो, तो टेकड्या कापून येतो आणि टेकडीबरोबर झुडपंही जातात. तोडणाऱ्याही कमी झाल्या. कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात; नेमका तोरणांचा हंगाम भट्टीवर जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातलं गौण उत्पन्न गोळा करायचा आणि विकायचा हक्क त्यांना दिला आहे. पण उचल घेतलेली बाई भट्टी सोडून रानात जाणार कशी?

एप्रिलच्या अखेरीस वज्रेश्वरीकडे जाणार असाल तर अंबाडीच्या पुढे गाडी जरा सावकाश चालवा. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण दोनशेची नोट पाटीवालीला मोडता येत नाही. भाव करू नका. आणि घरी नेऊन खाऊ म्हणून बांधून घेऊ नका; तिथेच उभं राहून संपवा.