बातमीदार आम्ही

ता. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. १० वाघिणी, सुमारें ५ लाख लिटर पाणी! ज्याच्या हातीं मोबाईल, तो त्या दिवशीं बातमीदार. आम्हींही चित्रफीत घेतली; दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र निघण्यापूर्वींच ती गांवोगांव पोंचली, व आम्हांस वाटलें, आतां वर्तमानपत्र हवें कशाला? शेजारच्या आजींनीं मात्र, "अरे, आपल्या आळीला पाणी कधीं?" असें पुसलें. तें आम्हीं कोणास विचारलेंच नव्हतें.

पुढें एका पावसाळ्यांत गोदावरीच्या पुराची जुनीच फीत आम्हीं न तपासतां 'नांदेडांत पाणी शिरलें' म्हणून पुढें धाडली. तेथें नदीकांठीं राहणाऱ्या आमच्या मावशींनीं आजारी काकांना रात्रींच भर पावसांत हलविलें. वाचकहो, पाणी आलेंच नव्हतें! विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले, याची चौकशी करावयास निघालेल्या एका बातमीदाराचा सबंध दिवस घाटोघाट फिरून 'पूर नाहीं' एवढेंच छापण्यांत खर्ची पडला. हें त्यानेंच आम्हांस सांगितलें. रागावला मात्र नाहीं.

आमची फीत आली कीं मावशी अद्याप प्रथम तारीख विचारतात.