मेसचे डबे आणि मारवा

लातुरात गाण्याचा क्लास चालवायचा म्हणजे दरवर्षी धसका. दहावीचा निकाल लागतो, पोरं ‘नीट’च्या शिकवणीला जातात आणि घरोघरी पेटीवर खोळ चढते.

माझ्या एका विद्यार्थ्याची आई या शिकवणीच्या पोरांसाठीच मेस चालवते. वडील घरात नाहीत. हा सायकलवर डबे पोचवून क्लासला येतो, बोटांना वरणाच्या फोडणीचा वास. गळा सुरेख, पण चित्त थाऱ्यावर नसायचं.

एप्रिल 2022 मध्ये ‘मी वसंतराव’ लागला. माहेरी नांदेडला निघाले होते, मायलेकरांना सोबत घेतलं. अहमदपूर, लोहा करत एसटीनं पोचलो आणि भर उन्हात दुपारचा खेळ गाठला. निपुण धर्माधिकारींचा हा चित्रपट थोडा लांबलाच, असं माझं मत. गायक वसंतराव देशपांडे यांच्या भूमिकेत त्यांचेच नातू राहुल देशपांडे. चित्रपटातल्या गाण्यासाठी राहुलना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण नवऱ्याचं घर सोडून पोराला एकटीनं वाढवणारी आई पडद्यावर आली, तशी शेजारी बसलेली माउली पदर डोळ्यांना लावून बसली. पोराची नजर मात्र मास्टर दीनानाथांवर.

“बाई, एवढा नाटक कंपनीचा मालक, अन् ह्या पोराला का जीव लावतो?”

“गळा ऐकून. दुसरं काय?”

परतताना त्याला मारवा रागच हवा होता. वसंतराव लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे तोच शिकले होते. मोबाइलवरच्या तानपुऱ्यात मी पंचमाच्या जागी निषाद लावून दिला. या रागात पंचम नाहीच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. षड्जावर लवकर टेकायचं नाही, एवढंच सांगितलं. खिडकीशी बसून तो नी-रे-ग घोळवत राहिला. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं, बोलला काही नाही.

आईचा मुद्दा वेगळा. “पण वसंतरावांनी नोकरी केलीच की!”

केली. लष्करी हिशेब खात्यात बरीच वर्षं कारकुनी केली. त्यांनी गाजवलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक 1967 साली रंगमंचावर आलं तेव्हा ते 47 वर्षांचे होते. हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. “मग गाऊ द्या त्याला. नोकरीचं बघू.”

लातूरकर आईबापांनो, पोरांना शिकवणीला घाला, माझी ना नाही. आठवड्यातले दोन तास तेवढे गाण्याला ठेवा. फी मागेपुढे झाली तरी चालेल.