बुक्कीसाठी घर पाहताना

मुलीसाठी स्थळ पाहणं आणि कुत्रीसाठी घर पाहणं यात फारसा फरक नसतो, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. मंडळी, हसू नका. पहिला प्रश्न तोच असतो, "जात कोणती?" मी म्हणायची, "गावठी." मग पलीकडे थोडी शांतता. दुसरा प्रश्न, "नर आहे ना?" मी म्हणायची, "नाही, मादी." पुन्हा शांतता. तिसरा, "रंग?" "काळी." इथे बहुतेक फोन संपायचे. वहीत नोंद ठेवायची जुनी सवय, म्हणून सांगते, एकूण सतरा फोन आले, त्यातल्या अकरा जणांना नरच हवा होता. मुलगी नको म्हणणारे लोक मी पस्तीस वर्षं पालकसभेत पाहिले होते, तेव्हा धक्का असा बसला नाही.

तर ही बुक्की. २०२४ च्या आषाढात माउलींची पालखी लोणंदला होती, तेव्हा भाच्याच्या गाडीतून मी दर्शनाला गेले होते. वारीबरोबर कुत्री चालतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. दिंडीत कुणी भाकरीचा तुकडा टाकतं, कुणी कपाळाला बुक्का लावतं, आणि ती चालत राहतात. पालखी चांदोबाच्या लिंबाकडे निघाली, पाठीमागे रस्ता मोकळा झाला आणि गटाराच्या कडेला ही दिसली. वर्षभराची असेल. मागचा भाग कुठल्याशा गाडीनं चेपलेला. कपाळावर बुक्का होता की तिचा रंगच तसा, ते कळत नव्हतं. एका चहावाल्यानं जखमेवर हळद दाबली होती आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवली होती. भाच्यानं गाडीत पोतं अंथरलं आणि आम्ही तिला साताऱ्याला आणली.

एक्स-रेत माकडहाडाजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. मला वाटलं प्लास्टर घालतील. डॉक्टर म्हणाले, या जागेला प्लास्टर घालता येत नाही, हाडं फार सरकलेली नसली तर आपली आपण जुळतात, फक्त सहा ते आठ आठवडे हिला हलू द्यायचं नाही. म्हणजे पलंगाएवढ्या जागेत कोंडून ठेवायचं, शी-शूपुरतं पोटाखालून पंचाचा झोका देऊन बाहेर न्यायचं आणि परत आत. पंचे सगळे ह्यांचे होते, ते गेल्यापासून कपाटात घड्या घालून ठेवलेले. कामी आले. आठव्या आठवड्यात ती अंगणात स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि जास्वंदीच्या आळ्यात खड्डा करून त्यात बसली. पुढे लसी झाल्या, हिवाळ्यात नसबंदी झाली. चालीत थोडा झोल राहिला, वेगानं पळता येत नाही.

"बरी झाली ना, आता सोडून दे जिथून आणली तिथं," असं सांगणारे कमी नव्हते. रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी करून परत त्याच जागी सोडायचं, हे आपल्याकडच्या नियमात आहेच, २००१ च्या आणि त्यानंतरच्या २०२३ च्याही. पण त्यामागे कारण असतं. कुत्र्यांचा इलाखा ठरलेला असतो, तिथलं कुत्रं तिथंच टिकतं. ही तर वारीबरोबर कुठून आलेली, देव जाणे. लोणंद तिचं नव्हतंच. आणि ज्याला पळता येत नाही, त्याला नव्या गल्लीतली कुत्री चार दिवस जगू देत नाहीत.

मी काही भाबडी श्वानप्रेमी नाही, हेही सांगून टाकते. लहानपणी आमच्या वाड्यात पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक गडी मी पाहिला आहे. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळायचा. तो आवाज अजून कानात आहे. एकदा लक्षणं दिसली की तो रोग जवळजवळ कुणालाच सोडत नाही, आणि आपल्याला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यापासूनच येतो. म्हणून शाळेत दरवर्षी पावसाळ्याआधी मी मुलांकडून पाठ करून घ्यायची, कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, आणि मग तडक सरकारी दवाखाना. मिरची, चुना, तेल काही नाही. तेव्हा लोकांची भीती मला समजते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाचे ते आदेश लागोपाठ आले. ११ ऑगस्टला दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हणाले. २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी-लसीकरण करून परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडू नका, असं झालं. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि पुन्हा तिथं सोडू नका. शाळेच्या आवारात कुत्रं नको, हे माझ्यातल्या मास्तरणीला पटतं. पण हलवायची तर कुठं? प्रत्येक तालुक्याला निवारा कुठे आहे? असो. हा विषय मोठा आहे.

मग तूच का नाही ठेवलीस, असं तुम्ही विचाराल. ठेवलीच असती. मे २०२५ मध्ये माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. आधी वॉकर मिळाला. वॉकरला बुक्कीनं हुंगलं, चाटलं, विषय संपला. दीड महिन्यानं वॉकर सुटला आणि हातात काठी आली. मी काठी टेकत खोलीच्या दारात उभी राहिले आणि बुक्की जागच्या जागी मुतली. मग दिवाणाखाली शिरली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. गुरगुरली असती तरी बरं वाटलं असतं. नुसती थरथरत होती. या जिवानं काठी कुठे आणि किती खाल्ली असेल, ते विचारायची सोय नाही.

प्रयत्न केले. काठी जमिनीवर ठेवायची, शेजारी तिची थाळी. मग काठी थाळीला टेकवून. अंड्याचा तुकडा काठीवर. पंधरा दिवसांत ती पडलेल्या काठीवरून उडी मारून जायला लागली, आणि मला वाटलं जमलं! पण तीच काठी हातात घेऊन मी पाऊल टाकलं की पुन्हा दिवाण. पडलेली काठी आणि माणसाच्या हातातली काठी, या तिच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू होत्या. आमच्या एका जुन्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, त्यावर हे लिहिलं तर एकानं लगेच उत्तर टाकलं, "बाई, आम्हीही छडीला असंच घाबरायचो, आम्हाला कुणी अंडं दिलं नाही!" दिवसभर हसत होते मी.

पण डॉक्टरांनी सांगितलं, डावा गुडघाही त्याच वाटेवर आहे, काठी आता कायमची. म्हणजे घरातलं तिचं एकुलतं एक माणूस दिवसातून पन्नास वेळा तिला भीती घालणार. आणि साधा हिशेब. घरात नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा-तेरा वर्षं सहज जगतं. बुक्की दोन वर्षांची. बेरीज मी मुलांना शिकवली आहे.

त्याच गटावर जाहिरात टाकली. काही लपवायचं नाही असं ठरवून लिहिली. काळी, गावठी, मादी, नसबंदी झालेली, थोडी लंगडते, भुंकत फारसं नाही, काठीला घाबरते. लेक म्हणाली, "आई, ही जाहिरात आहे की तक्रार?" पण लपवून दिलेलं जनावर आठवड्यात रस्त्यावर येतं. फोटोत ती गोड दिसत होती, तेवढं पुरे.

फलटणकडच्या एका बागायतदाराला राखणीला हवी होती. साखळी किती फुटी, हे तोच मला विचारत होता. एकाला पिल्लं हवी होती. एका गृहस्थांना शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालायला ज्योतिषानं सांगितलेलं, त्यांना घरचंच काळं कुत्रं हवं होतं. मी विचारलं, "साडेसाती संपल्यावर काय करणार?" फोन ठेवला त्यांनी.

भाषेचाही दोष आहे म्हणा. मराठी शिकवताना जाणवायचं, कुत्र्याबद्दल एक धड शब्द नाही आपल्याकडे. कुत्रं हाल खाणार नाही, कुत्र्याचं मरण, नळीतलं शेपूट. बरा शब्द सापडतो तो संतांच्या गोष्टीतच. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट सांगितली की वर्गात एक तरी पोरगं विचारायचं, "बाई, पण कुत्र्याला तूप पचत नाही ना?"

नोव्हेंबरात पुण्याचं एक जोडपं आलं, दोघंही नोकरीवाले, फार चांगली मुलं. दोनदा भेटायला आली, तिच्यासाठी गादी आणली. मी पाठवली. पाचव्या दिवशी परत आली. सोसायटीनं हरकत घेतली असती तर उत्तर होतं, कारण सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ सालीच कळवलेलं आहे. पण घर भाड्याचं, आणि मालकानं करारावर बोट ठेवलं. त्या मुलीला रडू आवरत नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती. बुक्की गाडीतून उतरली, सरळ जास्वंदीच्या आळ्यात जाऊन बसली, आणि दोन दिवस जेवली नाही.

त्यानंतर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला लागले, "घरात काठी आहे का?" करून पाहा हा प्रश्न. खेड्यात काठी नाही असं घर सापडत नाही. म्हशीला काठी, सापाला काठी, आजोबांना काठी.

डिसेंबरात कोरेगावकडून फोन आला. माझाच विद्यार्थी, दहावीला दोनदा बसलेला, आता गावात पिठाची गिरणी चालवतो. म्हणाला, "बाई, मी बघतो की." मी म्हटलं, आधी मी घर बघते. भाच्याबरोबर गेले. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या, परसात शेवगा. खाटेवर त्याची आई. दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालेलं, तेव्हापासून पडूनच. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आणि खाटेच्या वर खुंटीला काठी टांगलेली, मुठीला गुंडाळलेल्या चिंधीसकट. मी तिकडे पाहिलं, मुलानं पाहिलं. तो काही बोलेना. कसं बोलणार? आई उठेल म्हणूनच ती तिथं होती ना.

म्हातारीची जीभ जड झालेली, पण कान शाबूत. सगळं ऐकून तिनं उजवा हात उचलला आणि खुंटीकडे केला. म्हणाली, "ती काढ. मला कुठं जायचंय आता." पोरगा उभाच. तेव्हा चिडून म्हणाली, "काढ की रं!" त्यानं काठी काढली, तशीच चिंधीसकट माळ्यावर सारली. मी खिडकीबाहेर शेवग्याकडे बघत बसले. चहा आला.

संक्रांत झाल्यावर बुक्की तिकडे गेली. पहिले दिवस त्यानं तिला मागच्या खोलीत ठेवलं, गिरणीचा आवाज थोडा थोडा ऐकवत. कुत्री पाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे, तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने रुळण्याचे. मी त्याला तो कागदावर लिहून दिला होता. खाली द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट द्यायचं नाही, असंही. दहावीला दोनदा बसलेल्या त्या मुलानं तो कागद गिरणीत दळणाच्या दरांच्या पाटीशेजारी चिकटवला आहे. भेटायला ये म्हणतो. काठी घेऊन कशी जाऊ? महिन्यांनी बघू म्हटलं.

दर रविवारी तो फोन करतो. गिरणीच्या घरघरीत निम्मं ऐकू येत नाही. रात्री ती आईच्या खाटेखाली झोपते. आईचा उजवा हात खाली लोंबतो, तो चाटत राहते, म्हणून आई ओरडते आणि हात वर मात्र घेत नाही. दिवसा गिरणीच्या उंबऱ्यावर बसते, त्यामुळे पीठ उडून पार करडी झाली आहे. येणारी माणसं विचारतात, पांढरं कुत्रं कधी आणलं? आंघोळ घालू का, असं त्यानं मागच्या रविवारी विचारलं. म्हटलं, महिन्यातून एकदा पुरे, रोज ओल्या फडक्यानं पूस. आणि जुलैत तिचं रेबीजचं इंजेक्शन आहे, तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेव. "लिहिली बाई," म्हणाला, "तुम्हीच लिहून गेलाय."