दहावीनंतरची सुट्टी

दहावीचा शेवटचा पेपर झाला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता ह्या सुट्टीचं करायचं काय? मार्चमध्ये परीक्षा संपते आणि अकरावीचं कॉलेज सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. निकाल हल्ली लवकर लागतो म्हणा (२०२५ साली तर १३ मेलाच लागला, आम्ही जूनपर्यंत देव पाण्यात घालून बसायचो), पण पुढे प्रवेशाच्या फेऱ्या असतातच. एवढी लांबलचक सुट्टी पुन्हा मिळत नाही. बारावीनंतर सीईटी, नीट, जेईई डोक्यावर असतात आणि त्यानंतर सुट्टी ह्या शब्दाचा अर्थच बदलतो.

मी १९९१ साली दहावी झाले. तेव्हा ह्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं : टायपिंगचा क्लास. ३० शब्दांची परीक्षा, जमलं तर पुढे ४० ची. २००० नंतर त्या जागी एमएस-सीआयटी आलं. आणि आता व्हेकेशन बॅच! मूल पेपर देऊन घरी येतं, चहा पितं आणि दुसऱ्या दिवशी अकरावीच्या क्लासला जातं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. यंदा तिने दहावी दिली, कराडजवळच्या एका खेड्यातून, पहिलीपासून मराठी माध्यमात. परीक्षा संपून आठवडा झाला नाही तोच दादाचा फोन : "हिला तुझ्याकडे पुण्याला पाठवतो. दोन महिन्यांची बॅच आहे. उसाचं बिल आलं की फी भरतो." मी म्हटलं, तिला फोन दे. तर ती हळूच म्हणते, "आत्या, मी आर्ट्सला गेले तर चालेल का?"

आर्ट्सला जाण्यात वाईट काहीच नाही. पण ही पोरगी आजीला दूध का नासतं ते समजावून सांगणारी. जास्वंदीचं फूल उभं चिरून त्यातलं सगळं नावानिशी दाखवणारी. मी विचारलं, इतिहास आवडतो का? भूगोल? "तसं नाही गं... सायन्सला सगळं इंग्रजीत असतं ना."

म्हणजे आवड वेगळीच आणि निर्णय भीतीचा! आणि त्या भीतीवर दादाने काढलेला उपाय काय, तर तीच भीती दोन महिने आधी सुरू करायची. क्लासमध्ये सर पहिल्या दिवसापासून इंग्रजीतून नवा धडा शिकवणार. विषय नवा आणि भाषाही नवी. काय कळलं नाही, विषय की भाषा, हेच मुलाला कळत नाही. मग मूल म्हणतं, "मला फिजिक्स येत नाही."

हे मी स्वतःच्या वर्गात पाहिलंय. अकरावीच्या पहिल्याच तासाला सर 'बॉडी'वर 'फोर्स' लावत होते आणि माझ्या बाकावरची मैत्रीण कुजबुजली, "ह्या बाईला सारखं कोण ढकलतंय?" बल, वस्तू, त्वरण तिला चोख येत होतं. शाळेत पहिल्या पाचात असायची. दिवाळीनंतर ती वर्गात दिसली नाही.

तर मी दादाला सांगितलं, पुण्याला पाठवू नकोस. पहिले दहा दिवस तिला झोपू दे. नंतर रोज दोन तास माझे. बाकी दिवस तिचा.

त्या दोन तासांत नवीन काहीच शिकायचं नाही, एवढा एकच नियम. बालभारतीच्या संकेतस्थळावरून तिने दहावीचंच विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी माध्यमाचं उतरवून घेतलं. फुकट मिळतं. धडे तेच, आकृत्या त्याच, क्रमही तोच. पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा. मराठी पुस्तक डावीकडे, इंग्रजी उजवीकडे. रोज दोन पानं, मोठ्याने वाचायची. मोठ्याने अशासाठी की डोळ्यांना ओळखीचा झालेला शब्द कानाला अनोळखीच राहतो, आणि कॉलेजात शब्द आधी कानावर पडतात.

शेजारी एक वही, पानावर मधोमध रेघ. इकडे त्वरण, तिकडे ॲक्सिलरेशन. इकडे संवेग, तिकडे मोमेंटम. अपवर्तन – रिफ्रॅक्शन. हरितलवक – क्लोरोप्लास्ट. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्नपत्रिकेतले शब्द : डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. उत्तर येत असूनही प्रश्न काय करायला सांगतोय हे न कळल्यामुळे मुलांचे मार्क जातात.

ही वही भरताना एक गंमत तिच्याच लक्षात आली. इंग्रजीत 'सोल्युशन' एकच, आपल्याकडे गणितात उकल आणि रसायनशास्त्रात द्रावण. इंग्रजीत 'पॉवर' एकच, आपल्याकडे गणितात घात आणि भौतिकशास्त्रात शक्ती. आणि त्वरण ह्या शब्दात त्वरा आहेच, प्रकाशसंश्लेषण तर स्वतःच स्वतःची व्याख्या सांगतं! मराठीतून शिकलेल्या मुलीकडे कमी नाही, एक पदर जास्त आहे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे सांगत होते ते "इंग्रजी सुधार".

गणितात मी तीनच गोष्टी सांगितल्या. अवयव पाडणं हातात बसवायचं. त्रिकोणमितीची गुणोत्तरं पुन्हा नीट करायची, कारण अकरावीचं गणित (२०१९ पासूनच्या पुस्तकात) कोनापासूनच सुरू होतं. आणि लॉग टेबल बघायला शिकायचं. बारावी बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पंधरा मिनिटांची युक्ती आहे, पण वर्गात ती 'येत असेलच' असं धरून चालतात. एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवली. त्याच २०१९ च्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात सदिश आणि कॅल्क्युलस येतं, गणिताच्या वर्गात ते शिकवण्याच्या खूप आधी. तेव्हा काही कळलं नाही तर आपण मठ्ठ आहोत असं समजायचं नाही, सरांना विचारायचं.

उरलेल्या दिवसात? दाखले. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयर, ज्याला जो लागेल तो. प्रवेश सुरू झाला की सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात, एप्रिलमध्ये मात्र निवांत काम होतं. आधार आणि शाळेच्या कागदांवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते बघायचं. तिने वहिनीला सोबत घेऊन हे सगळं स्वतः केलं, फॉर्मही स्वतः भरला. शिवाय एकदा एकटीने एसटीने कराडला जाऊन दोन कॉलेजं बाहेरून बघून यायची, गाडी कितीला सुटते आणि परतीची शेवटची कधी ते लिहून आणायचं. वहिनीला हे अजिबात पसंत नव्हतं. पण जुलैमध्ये रोज जायचंच आहे, तर पहिला दिवस धावपळीचा कशाला?

दादा अजून पूर्ण राजी नाही. "शेजारची सगळी पोरं क्लासला गेली," हे तो दर रविवारी सांगतो. त्याचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. आपण कमी पडलो तर मुलगी मागे राहील ही त्याची धास्ती खरी आहे. मी एवढंच म्हणते, क्लास कॉलेज सुरू झाल्यावर, गरज दिसली तर लावू. पैसे कुठे पळून जात नाहीत, ही सुट्टी मात्र जाते.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "आत्या, इनर्शिया म्हणजे आपलं जडत्वच ना? मग त्यात एवढं काय आहे?" मी काहीच बोलले नाही. सायन्स की आर्ट्स हे तिने अजून ठरवलेलं नाही. निकालानंतर ठरवेल. पण जे ठरवेल ते इंग्रजीला घाबरून ठरवणार नाही, आणि माझ्या मते दोन महिन्यांत एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

असो. तुमच्या दहावीच्या सुट्टीत तुम्हाला कुठल्या क्लासला घातलं होतं? आणि मराठीतून इंग्रजीत उडी मारताना तुमचा कुठला शब्द अडला होता? जरूर सांगा. भाचीच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत :)