कोनफळ की रताळू

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून ‘गावात जाणे’ म्हणजे मांडवी, न्यायमंदिर, खंडेराव मार्केट या बाजूस जाणे. गोत्री हे एकेकाळचे शहराबाहेरचे खेडे. आता दांडिया बाजारातील वाडे सोडलेली आपली कितीतरी कुटुंबे तेथे सदनिकांतून राहतात. आमच्या आईही त्यांतल्याच. आम्ही उभयता परदेशातून एक वर्षाआड हिवाळ्यात येतो. यंदा मात्र त्यांना कायमचे आमच्याकडे न्यावे, या हेतूने आलो होतो. विषय काढला तेव्हा त्यांनी होकार दिला नाही, नकारही नाही. उंधियूची यादी तेवढी हाती ठेवली आणि बजावले, “नाक्यावरून नको, खंडेराव मार्केटातूनच आणा.”

सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यकारभाराच्या पंचवीस वर्षांच्या निमित्ताने १९०६ साली उभारलेल्या या वास्तूस खंडेराव महाराजांचे नाव आहे. दर्शनी भागात घुमट, कमानी आणि महानगरपालिकेची कचेरी. मागे भाजी, फळे, फुले. फायली आणि कोथिंबीर एकाच आवारात नांदावीत, हे बडोद्यालाच शोभते!

आईंच्या यादीत ‘कोनफळ’ होते. येथे त्याला रताळू म्हणावे लागते. आणि आपले रताळे हवे असेल तर ‘शक्करिया’ मागावे. नवख्या मराठी माणसाची पिशवी येथेच चुकते. महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश सिद्ध करविला. मंडईचा कोश मात्र कोणी छापला नाही. तो आपल्या आया-आज्यांनी तोंडी रचला, पाव किलोचे ‘अढीसो’ केले, हिरव्या लसणीला ‘लीलुं लसण’ म्हटले आणि घरी येऊन पुन्हा मराठीत स्वयंपाक केला. आमच्या मुलांना यांतले एकही नाव ठाऊक नाही, दोन्ही भाषांत.

पापडी घेताना आम्ही गोत्रीहून आल्याचे कळले, तशी भाजीवाली थबकली. “मराठी बा क्यां छे? बे वरसथी देखातां नथी.” गुडघ्यांचे दुखणे सांगितले. तिने मूठभर मिरच्या वर घातल्या, पैसे घेतले नाहीत.

घरी आईंनी पिशवी रिकामी केली. निरोप ऐकताना काही बोलल्या नाहीत. एक शेंग सोलली, दाणा नखाने दाबून पाहिला.

“जून आहे. तुम्हाला पाहून दिलीन तिने,” त्या म्हणाल्या. “रविवारी रिक्षा बोलवा. मीच येते.”

परतीची तिकिटे आम्ही दोनच काढली.